डोस झालेत का विचारलं, तर खरं सांगा

डिसेंबर 2021

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लग्नाच्या दारात कोरोना लसीचं प्रमाणपत्र मागणं हा पाहुण्यांचा अपमान आहे, असं कालच्या अंकात एका वाचकाने लिहिलंय. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या मिस्टरांचं सहा वर्षांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज चालू असतात. दोन्ही डोस घेऊनही त्यांना इतरांइतकं संरक्षण मिळणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. गेल्या महिन्यात भाचीचं केळवण आमच्या घरी होतं. मी एकेकाला फोन करून डोसचं विचारलं. विचारणं जिवावर आलं होतं, तरी विचारलं. माझे चुलत दीर म्हणाले, "वहिनी, दोन्ही कधीच झाले." मी निर्धास्त झाले आणि त्यांचं पान ह्यांच्या शेजारीच मांडलं. दोघं दोन तास गप्पा मारत जेवले.

पुढच्या आठवड्यात लग्न. कार्यालयाच्या दारात अक्षतांचं ताट घेऊन मी दिरांच्या मागेच उभी होते. त्यांनी मोबाइल पुढे केला. प्रमाणपत्रावर वय 31, लिंग स्त्री. त्यांच्या सुनेचं प्रमाणपत्र! दारावरच्या मुलाने क्यूआर कोड स्कॅन केला नाही, नाव वाचलं नाही, आत सोडलं. मी बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाले, "घेणारच होतो हो, तुम्हाला उगाच टेन्शन कशाला?" अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. 45 च्या वरच्या सगळ्यांना 1 एप्रिल 2021 पासूनच लस मिळत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी कोरोनाची आरटीपीसीआर चाचणी करून घेतली. रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री हे मला न सांगता उठून ताप बघत होते. सकाळी गादी झटकताना उशीखाली थर्मामीटर सापडला. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण ती रात्र मी विसरणार नाही.

लस घेतलेल्यालाही कोरोना होतोच, मग हट्ट कशाला, असं पत्रलेखक विचारतात. होतो, मान्य आहे. पण दिरांनी "नाही घेतली" म्हटलं असतं, तर मी "येऊ नका" म्हटलं नसतं. त्यांचं पान अंगणात मांडलं असतं आणि ह्यांना आत वाढलं असतं. ते ठरवायचा हक्क माझा होता, तो त्यांनी माझ्याकडून काढून घेतला. प्रकृतीमुळे लस घेता येत नसेल, तर राज्य सरकारच्या 27 नोव्हेंबर 2021 च्या आदेशाप्रमाणे डॉक्टरांचा दाखलाही चालत होता. मग खोटं कशासाठी?

आणखी एक. ते पत्र ज्या पानावर छापलंत, त्याच्याच मागच्या पानावर एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नाचा मोठा फोटो आहे. शेकडो माणसं खेटून उभी, एकाच्याही तोंडावर मास्क नाही, आणि खाली 'दिमाखदार सोहळा'. डोंबिवलीत ओमिक्रॉनचा, म्हणजे कोरोनाच्या नव्या प्रकाराचा, रुग्ण सापडून आठवडा झाला नाही. असे फोटो छापणं कृपया थांबवा.

आपली,
एक नियमित वाचक