यकृत बिघडले म्हणजे दारूच?

संपादक महोदय,

माझ्या थोरल्या भावाने जन्मात फेणीला हात लावला नाही. काजूच्या मोसमात भट्टीपाशी राबतानाही नाही. पण त्याचे पोट पाण्याने फुगले, सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होण्याचा आजार, असल्याचे कळले आणि वाड्यावर एकच बोलणे सुरू झाले : चोरून पीत असणार. वहिनीने ते तेराव्यापर्यंत ऐकले.

दादाला हेपेटायटिस बी होता, बहुधा जन्मापासूनच. बाळंतपणात आईकडून हा विषाणू बाळाला लागला, तर 10 पैकी 9 बाळांत तो मुक्कामच ठोकतो. मोठेपणी लागला तर 100 पैकी 5 जणांतही टिकत नाही. वर्षानुवर्षे काही दुखत नाही, खुपत नाही. यकृत मात्र आतून निबर होत जाते. तरुणपणी दादाला एकदा कावीळ झाली होती. झाडपाल्याचे औषध दिले, डोळे पांढरे झाले, विषय संपला. रक्त कोणी तपासलेच नाही.

निदान झाल्यावर घरच्यांनी त्याचे ताट-भांडे वेगळे केले. याची मला आजही लाज वाटते. दूषित पाण्या-अन्नातून येते ती ए आणि ई प्रकारची कावीळ. बी आणि सी रक्तातून पसरतात, बी शरीरसंबंधातूनही. एका पंगतीत जेवल्याने नाही.

रक्त लागलेल्या सुईने काय होऊ शकते, ते इजिप्तने भोगले आहे. तिथे नाईलच्या पाण्यातला शिस्टोसोमा नावाचा कृमी कातडीतून अंगात शिरतो आणि त्याच्या अंड्यांमुळे यकृतात व्रण धरतात. त्यावर 1950 च्या दशकापासून 1980 च्या सुमारापर्यंत गावोगाव इंजेक्शने दिली गेली. सुया नीट न उकळता पुन्हा वापरल्या आणि त्यातून हेपेटायटिस सी देशभर पसरला. म्हणून जत्रेत एकाच सुईने पोरांचे हात गोंदताना दिसले की माझ्या पोटात गोळा येतो.

सी वर लस नाही, पण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. बी वर लस आहे, आणि झालेला आजार गोळीने आटोक्यात राहतो. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. दादाच्या आजारपणात हे आम्हाला कोणी सांगितले नाही. माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे : असा रुग्ण सापडला की त्याच्या घरातल्या प्रत्येकाला तपासणीसाठी बोलवा. आणि वाचकहो, यकृताच्या रुग्णाला 'किती पितोस?' एवढेच विचारून थांबू नका.

आम्ही भावंडांनी उशिरा का होईना, तपासणी केली. मी पॉझिटिव्ह निघालो, धाकटी बहीणही, आणि तिची मुलगीही. भाची तेव्हा गरोदर होती. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे बाळ जन्मल्यावर 12 तासांच्या आत त्याला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडे), दोन्ही टोचले.

— एक वाचक, डिचोली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)