ग्लासातलं गणित

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

आता दर शनिवारी कुणीतरी बोलावणार आणि दारूचा ग्लास पुढे करणार. घ्यायची की नाही हे तू ठरव, तेवढा मोठा झाला आहेस. फक्त हिशेब स्वतः कर. ओतणारा तो कधीच करत नाही.

बाटलीवर अल्कोहोलचे टक्के छापलेले असतात. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले 100, आणि जे येईल त्याला 0.8 ने गुणायचं. झाले शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. 5 टक्क्यांची 330 मिलि बिअर म्हणजे 13 ग्रॅम. 12 टक्क्यांची 150 मिलि वाइन 14. 40 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 चा पेग 19. म्हणजे 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याने दोन बिअर संपवल्या की तो मोठा पेग घेणाऱ्याच्या पुढे गेलेला असतो.

हे सगळं माप मोजून ओतलं तर. खोकल्याच्या औषधाच्या मापाने 30 मिलि पाणी एखाद्या रुंद बुडाच्या ग्लासात ओतून बघ. पाणी जेमतेम पाऊण सेंटिमीटर चढतं. इतकी कमी कुणी हाताने ओतत नाही, त्यामुळे अंदाजाने भरलेला 'छोटा' पेग बहुतेक वेळा दीडपट-दुप्पट निघतो.

यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निपटतं, आणि त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, ओकारी काढणं, कशानेच वेग वाढत नाही. कडक कॉफीने पिणारा जागा राहतो, शुद्धीवर येत नाही. रात्री 9 ला सुरुवात करून 60 चे चार पेग झाले, तर तासाला 8 ग्रॅम धरले तरी 76 ग्रॅम उतरायला पहाटेचे साडेसहा वाजतात. झोप झाली म्हणून सहाला गाडी काढणारा अजून प्यायलेलाच असतो.

रिकाम्या पोटी अल्कोहोल झपाट्याने लहान आतड्यात उतरतं आणि तिथूनच ते सगळ्यात जास्त रक्तात जातं. पोटात जेवण असेल तर ते जठरात अडतं. म्हणून आधी जेव, मागाहून नाही. रक्तातलं प्रमाण एकदम चढलं की मेंदू आठवणी नोंदवणंच थांबवतो. माणूस बोलत असतो, हसत असतो, आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. झोपेच्या गोळीबरोबर तर थेंबही नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

'थोडी घेतली तर हृदयाला बरी' हे तू ऐकशील. तशा जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जात, म्हणून थोडी पिणारे त्यांच्यापुढे ठणठणीत दिसत. अल्कोहोलयुक्त पेयांमुळे कॅन्सर होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच नोंदवलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही.

समाजाचं मात्र गमतीचं आहे. दारू पितो म्हटलं की कपाळाला आठ्या, ड्रिंक्स घेतो म्हटलं की कुणाला काही वाटत नाही. यकृताला दोन्ही सारखंच. बदललंय ते एवढंच, की पूर्वी न पिणाऱ्याला सबब द्यावी लागे, 'गोळ्या चालू आहेत', 'गाडी चालवायची आहे'. आता तुझ्या वयाची बरीच मुलं नुसतं 'नको' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. तुझ्या कंपूत संपत नसेल तर सोड्याचा भरलेला ग्लास हातात धरून बस. भरलेल्या ग्लासात कुणी ओतत नाही.

आणि हे नीट वाच. कुणी पडला आणि हाक मारून, खांदा हलवूनही उठत नसेल, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. शेवटच्या घोटानंतरही अर्धा-पाऊण तास रक्तातलं प्रमाण चढत राहतं. त्याला कुशीवर वळव, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकव, तोंड किंचित जमिनीकडे कर. उताणा ठेवलास तर ओकारी श्वासनलिकेत जाईल, आणि खोकून ती बाहेर काढायची शुद्ध त्याला नसते. तोंडात पाणीही घालू नकोस. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांची फट, ओठ निळसर, अंग गार, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. आधी अॅम्ब्युलन्स, मग मला फोन.

तुझी,
आई