उपासाच्या दळणाला गिरणी स्वच्छ होते, तशी माझ्या नातीसाठीही व्हावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी नात आता 7 वर्षांची आहे. 5 वर्षांची होती तेव्हा तिचं वजन होतं 12 किलो. हातापायाच्या काड्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, आणि दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, लोहाचं औषध तर वर्षभर चाललं, तरी हिमोग्लोबिन 7 च्या वर जाईना. तिनं बाळसं धरावं म्हणून मी तिला घरी गव्हाचं सत्त्व करून घालत होते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून-गाळून चीक काढायचा, वाळवायचा. त्या काळात रोज सकाळी एक वाटी सत्त्व दुधातून तिच्या पोटात गेलं आहे. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला सांगितली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि आजाराचं नाव कळलं, सीलिएक. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या मुलांचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. अन्नरस शोषून घेणारी आतली बारीक लव झडते, मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. यावर औषध नाही. गहू आणि जव जन्मभर बंद करणं हाच उपचार. (कुणाला आपल्या लेकराबद्दल अशी शंका आली तर कृपा करून तपासणीआधी गहू बंद करू नका. गहू थांबला की तपासणी खोटी येऊ शकते, हे डॉक्टरांनी आम्हाला दोनदा बजावलं होतं.)

आम्ही बार्शीकडची माणसं. ज्वारी आमच्या घरचीच, त्यामुळे मला वाटलं, यात अवघड ते काय? पोळी बंद, भाकरी सुरू. शेवया, कुरडया, रव्याचा शिरा सगळं घरातून हद्दपार केलं. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं सुनेनं वाचली तेव्हा त्यातही गव्हाचं पीठ निघालं, म्हणून फोडणीतला हिंगही गेला. तरी सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर टीटीजीचा आकडा म्हणावा तसा उतरलेला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, ज्वारी दळता कुठं?"

गिरणीत. गव्हाच्या दळणावर.

'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडचा अन्नसुरक्षेचा नियम आहे. त्या हिशेबानं 5 किलो ज्वारीच्या दळणात गव्हाचं पीठ साधारण एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच, चालेल. गिरणीच्या दगडांत, नळीत, पिशवीत आधीच्या दळणाचं पीठ किती अडकून राहतं हे डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

मी सासूबाईंचं जातं माळ्यावरून उतरवलं, धुतलं, टाकी लावून घेतली आणि दळायला बसले. त्यानंतर पोर सुधारली. आज तिचं वजन 20 किलो आहे आणि ती शाळेत पळण्याच्या शर्यतीत उतरते. पण माझं वय 66, खांदा दुखतो. घरघंटी घ्यायची तर हजारो रुपये लागतात. आणि ज्यांच्या घरी जातंही नाही आणि आजीही नाही, त्या आईनं काय करायचं? दुकानातली ग्लुटेनमुक्त पिठाची पाकिटं मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाहीत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही सगळी आपली धान्यं या मुलांना चालतात. अडतं ते फक्त दळणापाशी.

म्हणून माझी विनंती गिरणीवाल्या भावांना आहे. आषाढी, महाशिवरात्र जवळ आली की आमच्याकडे 'उपासाचे दळण' अशी पाटी लागते. गिरणी झाडून-पुसून घेतात, पिशवी बदलतात आणि मगच वरई-राजगिरा दळतात. त्यात धान्याचा कण गेला तर उपास मोडेल, म्हणून तुम्ही एवढं जपता. मग आठवड्यातला एक वार या मुलांसाठी ठेवा. गिरणी उघडून साफ करा, पिशवी वेगळी ठेवा, आधी दोन किलो ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढा आणि त्या दिवशी गहू घेऊच नका. त्या दोन किलोंचे पैसे आम्ही देऊ, दळणाचा दर जास्त लावलात तरी चालेल. ज्यांच्याकडे दगडांच्या दोन जोड्या आहेत त्यांनी एक जोडी कायमची गव्हाविना ठेवली तर फारच उपकार होतील.

सोलापूर-धाराशिव भागात कुणी अशी गिरणी आधीपासून चालवत असेल, तर त्यांनी याच सदरात गावाचं नाव आणि वार कळवावा. पंचवीस किलोमीटरवर असली तरी आम्ही डबा घेऊन येऊ.

आपली,
एक आजी, ता. बार्शी, जि. सोलापूर