खड्डा असलेलं गॅरेज

प्रिय चिऊ,

काल झोपताना तू विचारलंस, "बाबा, माझ्या खेळण्यातल्या गॅरेजला लिफ्ट का नाही? खड्डा का आहे?" मी उत्तर देईपर्यंत तुला झोप लागली. म्हणून लिहून ठेवतोय.

तुझ्या आजोबांच्या परळच्या गॅरेजात गाडी वर उचलायची लिफ्ट नव्हती, जमिनीत खड्डा होता. त्यावर टॅक्सी उभी करायची, फळ्या बाजूला सारायच्या आणि खाली उतरून, मान वर करून काम करायचं. मी शाळेतून डबा घेऊन जायचो, तेव्हा आधी दिसायचा तो खड्ड्यातून वर आलेला त्यांचा हात. "दहा-अकराचा पाना दे" म्हणायचे. माझं मेकॅनिकपण तेवढंच, पण त्या हाताला मी कधी चुकीचा पाना दिला नाही.

तिथे यायच्या त्या बहुतेक काळ्या-पिवळ्या फियाट. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून त्या गेल्या, त्यामुळे तुला नीट आठवणार नाहीत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा. खरी गाडी ३ मीटर ९३ सेंटिमीटर लांब. मी विसावा भाग धरला, म्हणून तुझी टॅक्सी जेमतेम २० सेंटिमीटरची झाली. खड्डा साडेसात सेंटिमीटर खोल हवा होता, म्हणून सगळं गॅरेज उंच पेटीवर बसवावं लागलं. पहिला खड्डा मी रुंद कापला आणि गाडीची चाकंच आत गेली. ती फळी टाकून दिली, दुसऱ्यांदा ४ सेंटिमीटरच कापला.

चाकांवर मात्र मी प्रमाण मोडलंय. मापाने ती २९ मिलिमीटरची यायला हवी होती, पण तुझा भाऊ दीड वर्षाचा आहे आणि हाती येईल ते तोंडात घालतो. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक नळी वापरतात, जेमतेम ३२ मिलिमीटर रुंद. तिच्यात जो तुकडा मावतो, तो घशात अडकू शकतो. म्हणून चाकं ३६ची केली. गणपतीला गावी गेलो होतो, तेव्हा सावंतवाडीला लेथवर कातून आणली. खड्ड्यावरच्या फळ्याही सहा-सहा सेंटिमीटरच्या आहेत, त्या याच कारणाने. तरी तो जवळ असला की सुटे भाग वर ठेवत जा.

पिवळ्या रंगानेच सगळ्यात जास्त दिवस खाल्ले. जुन्या पिवळ्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, ते पोटात गेलेलं वाईट. हळद लावून पाहिली, पण उन्हात उडाली. शेवटी शिसं नसलेला पाण्याचा रंग आणला. त्याआधी ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने प्रत्येक कड घासली. बोट फिरवून बघ, कुठे कुसळ लागलं तर मला सांग.

एक गोष्ट तुला अजून सापडलेली नाही. प्रत्येक आसाला एका बाजूचं चाक फेविकॉलने पक्कं आहे, दुसरं नुसतं दाबून बसवलंय. ते निघतं. बॉनेट उघडतं, खालचा पत्राही सरकतो. तुझ्या प्लास्टिकच्या जीपचं चाक तुटलं तेव्हा ती उघडताच येईना. तू तासभर ती हातात घेऊन बसलीस आणि मला काही करता आलं नाही. त्याच रात्री मी गॅरेजचं पहिलं चित्र काढलं.

टॅक्सीचं उजवीकडचं मागचं चाक किंचित घासतं. मला ते दुरुस्त करता आलं असतं, पण तसंच ठेवलंय. आजोबा रविवारी येताहेत. गुडघ्यांमुळे त्यांना आता खड्ड्यात उतरता येत नाही. इंजिनात कुठे आवाज येतोय ते शोधायला ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. तू फक्त टॅक्सी त्यांच्या हातात दे आणि म्हण, "आवाज करतेय."

आणि पाना तुझ्याजवळ ठेव. ते मागतील.

तुझा,
बाबा