फ्लोराइडचा सल्ला पाणी तपासून द्यावा

माननीय संपादक,
स. न.

मुलांचे दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडची टूथपेस्ट वापरा, असे आम्ही दंतवैद्य सांगतो. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांनी फ्लोराइड हे नाव ऐकले ते विंधन विहिरीच्या पाण्यातून येणाऱ्या आजाराचे कारण म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याने साऱ्या महाराष्ट्राला एकच सल्ला देणे योग्य नाही.

गोड खाल्ल्यावर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि दाताच्या कवचातील क्षार विरघळू लागतात. तेथे थोडे फ्लोराइड असेल तर लाळेतील क्षार पुन्हा कवचात बसतात. हे काम मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर होते, त्यामुळे पेस्ट गिळण्याचा काहीच फायदा नाही. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातींत दिसतो तसा ब्रशभर पट्टा लहान मुलांसाठी नव्हेच. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे येणारी दाढ कायमची असते. ती पडून नवी येईल या समजुतीने तिच्या किडीकडे घरोघरी दुर्लक्ष होते, याचे फार वाईट वाटते.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहान वयात पोटात जात राहिले, तर कायमचे दात डागाळलेले उगवतात आणि पुढे वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यास हाडे व सांधेही आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेल्याने त्याचे प्रमाण वाढते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जाऊन मुलांची तपासणी करतात, त्यात दातही पाहिले जातात. त्याच नोंदीत मूल पिते त्या पाण्यातील फ्लोराइडचा आकडा लिहावा आणि तो शाळेच्या भिंतीवरही लावावा. आकडा कमी असेल तेथे पालकांना फ्लोराइडची पेस्ट निःशंकपणे सुचवावी. जास्त असेल तेथे जिल्हा परिषदेने आधी दुसरे पाणी द्यावे, आणि लहान मुलांच्या पेस्टचा निर्णय दंतवैद्याला विचारून घ्यावा.

– एक दंतवैद्य, नागपूर