फोटोत न आलेली रांग

म्युनिक

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो पाहिला. 2 ऑगस्ट 1914, पहिल्या महायुद्धाची सुरुवात, इथला ओडिऑन्सप्लाट्झ चौक, हॅट उंचावून ओरडणारी माणसं आणि लाल वर्तुळात पंचवीस वर्षांचा हिटलर. खाली तुझा शेरा: ‘युद्ध म्हटल्यावर युरोप नाचायलाच लागला होता.’ अरे, त्या चौकातून मी रोज ऑफिसला जातो. म्हटलं, हे व्हॉट्सॲपवर उरकण्यासारखं नाही, बैजवार लिहू.

फोटो काढणारा हॉफमान पुढे हिटलरचा खास फोटोग्राफर झाला आणि चित्र गाजलं ते 1932 मध्ये. हिटलर त्यात मागाहून घुसवला असावा, असा काही इतिहासकारांना संशय आहे. ते सोड. त्या प्रसंगाची चित्रफीतही आहे, तिच्यात चौक एवढा खच्चून भरलेला दिसतच नाही. आपले लग्नातले फोटोवाले रिकाम्या खुर्च्या चुकवतात ना, तसलाच प्रकार.

गर्दी झालीच नाही असं नाही हं. 1 ऑगस्टला बर्लिनच्या राजवाड्यापुढे हजारो लोक गात होते. पण असल्या गर्दीत भरणा विद्यार्थ्यांचा आणि खाऊनपिऊन सुखी लोकांचा. त्याच बर्लिनमध्ये चार दिवस आधी, 28 जुलैला, लाखभर माणसं ‘युद्ध नको’ म्हणत रस्त्यावर उतरली होती. त्यांच्याच समाजवादी पक्षाने 4 ऑगस्टला संसदेत युद्धकर्जाला मुकाट मान डोलावली. मला अजून राग येतो.

मला विचारशील तर त्या आठवड्याचं खरं चित्र म्हणजे बँकेपुढची रांग. लोक साठवलेले पैसे काढायला धावले. नोट पुढे केली तर दुकानदार घेईना, नाणी द्या म्हणे. पीठ, मीठ, बटाटे घरात भरून ठेवायची घाई आणि भाव तासागणिक वर. लंडनला सरकारने बँकांची सुट्टी वाढवली आणि 7 ऑगस्टला एक पौंडाच्या कागदी नोटा काढल्या, सोन्याची नाणी लोकांच्या हाती जायला नकोत म्हणून.

आणि अफवा! फ्रान्सचं सोनं मोटारींतून जर्मनीमार्गे रशियाला चाललंय, अशी आवई उठली. जर्मन गावकरी बंदुका घेऊन रस्ते अडवून बसले. त्यात त्यांच्याच देशाची निरपराध माणसं गोळ्या लागून मेली. सोनं कुठेच नव्हतं.

पॅरिसमध्ये 31 जुलैच्या रात्री, युद्ध टाळायला धडपडणाऱ्या जोरेस या समाजवादी पुढाऱ्याला कॅफेत जेवताना गोळी घातली. दुसऱ्या दिवशी फौजेत हजर व्हायच्या हुकुमाचे कागद भिंतींवर. खेड्यांत चर्चची घंटा वाजली तेव्हा ऐन सुगीतले लोक कुठेतरी आग लागली समजून शेतातून पळत आले. गाडीच्या डब्यांवर खडूने ‘बर्लिनला’ लिहिलेलं होतं, ते तेवढं फोटोत आलं.

आता तुझ्या कामाचं. तेव्हा आपले गोखले प्रकृतीसाठी पॅरिसला गेलेले, तिथेच अडकले. त्यांना भेटायला गांधी दक्षिण आफ्रिकेहून निघालेले. 6 ऑगस्टला लंडनला पोचतात तर पॅरिसशी संपर्कच तुटलेला. आधीच मधुमेहाने बेजार झालेला माणूस, परक्या शहरात. गोखल्यांनी तिथे काय पाहिलं असेल? तुमच्या वाचनालयात त्यांचा पत्रव्यवहार असेल तर तेवढे दिवस चाळ आणि पानांचे फोटो पाठव. नीट, कडा न कापता.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या