बोटाला शाई नाही, तरी मत दिलंय

सॅफ्रन वॉल्डन, एसेक्स
7 मे 2023

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, इथल्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत दिलं म्हणून बोटाचा फोटो मागितलास, पण इथे शाई लावतच नाहीत. दोरीला बांधलेली पेन्सिल असते, तिने नावापुढे फुली मारायची. यंदापासून फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालंय. मी आपला भारतीय पासपोर्ट दाखवला, तो चालतो. आणि बाबा, "परक्या माणसाला कोण मत देऊ देतं?" याचं उत्तर असं, की आपण कॉमनवेल्थमधले. कायदेशीर वास्तव्य असलं आणि यादीत नाव नोंदवलं की झालं.

आमची जिल्हा परिषद, म्हणजे अटल्सफर्ड, आपल्या सातारा जिल्हा परिषदेसारखी मोठी नाही, तालुक्याएवढीच आहे. सदस्य 39. गंमत म्हणजे इथे सत्तेवर ना काँझर्व्हेटिव्ह, ना लेबर. 'रेसिडेंट्स फॉर अटल्सफर्ड' नावाची इथल्याच रहिवाशांची आघाडी आहे. 2019 मध्ये त्यांनी 26 जागा मारल्या. शुक्रवारी मोजणी झाली, जागा घटून 22 वर आल्या, पण सत्ता राखली.

बाबा, तुमची उभी नोकरी नगरपालिकेत गेली, म्हणून ही भानगड तुम्हालाच सांगते. स्टॅनस्टेड विमानतळ याच हद्दीत. त्यांना वर्षाचे प्रवासी साडेतीन कोटींवरून 4.3 कोटींवर न्यायचे होते. आधीच्या परिषदेने 2018 मध्ये होकार दिला. नवे लोक निवडून आले आणि जानेवारी 2020 मध्ये त्याच प्रस्तावाला नकार दिला. विमानतळ अपिलात गेला, 2021 मध्ये जिंकला, वर त्याचा खर्चही परिषदेच्या गळ्यात. पुढे 2022 मध्ये सरकारने ठपका ठेवला, की बांधकाम परवानग्यांचे यांचे निर्णय अपिलात फार टिकत नाहीत. आता मोठा बिल्डर परिषदेला वळसा घालून थेट सरकारी निरीक्षकांकडे अर्ज करू शकतो. विमानांचा आवाज मलाही नको आहे, पण लोकांना आवडणारा नकार कागदावर टिकवायलाही यायला हवा. तुम्ही असता तर टिपणी आधी पक्की करून घेतली असतीत.

बाकी कारभार तीन मजली. कचरा जिल्ह्याचा, रस्त्यातला खड्डा काउंटीचा, म्हणजे वरच्या एसेक्स परिषदेचा, आणि गावाचं टाउन कौन्सिल वेगळंच. कर गोळा करतो जिल्हा, त्यातला मोठा वाटा जातो काउंटीला, आणि शिव्या खातो जो समोर सापडेल तो! आमच्या शेजारच्या आजी खड्ड्याची तक्रार कचऱ्यावाल्यांकडेच करतात. स्थानिक निवडणुकीला तसेही साधारण तीनातले एकच मतदार फिरकतात. काल चार्ल्स राजांचा राज्याभिषेक होता. चौकात पताका लागल्या होत्या, त्यामुळे निकालाची चर्चा दुपारपर्यंतही टिकली नाही.

तरी एक सांगते, इथे मतदान तरी वेळेवर होतं. आपल्या वाईच्या नगरपालिकेवर प्रशासक बसून किती दिवस झाले! ओबीसी आरक्षणाचं प्रकरण मिटेपर्यंत निवडणूक नाही, मग नळाच्या पाण्याचं गाऱ्हाणं न्यायचं कोणाकडे? पेठेतल्या माजी नगरसेवकांना अजून फोन करता का? अर्ज दिला असेल तर पोच जपून ठेवा, आणि आईला रांगेत उभं करू नका, तिचे गुडघे दुखतात.

तुमची,
लेक